देवमाशाचा दवाखाना आणि जळकोट

नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळ्याच्या पुळणीवर निळ्या देवमाशाचे एक पिल्लू अडकून पडले. गावकरी, पर्यटक, पोलीस, वनखात्याचे कर्मचारी, तटरक्षक दल आणि प्राणिमित्र संस्था यांनी मिळून सुमारे चाळीस तास त्याच्यासाठी खटपट केली. अंगावर पाण्याचा मारा चालू ठेवला, ओली कापडे पसरली आणि अखेर भरती साधून टगबोटीच्या साहाय्याने त्यास खोल समुद्रात नेऊन सोडले. जीवदानाच्या बातम्यांची शाई वाळते न वाळते तोच ते पिल्लू पुन्हा किनाऱ्याला लागले, ते मृतावस्थेत. सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. देवमासे, डॉल्फिन आदी सागरी सस्तन प्राण्यांसाठी कोकण किनाऱ्यावर बचाव व पुनर्वसन केंद्र हवे, ही मागणी अशा प्रत्येक घटनेनंतर होते आणि पुढील घटनेपर्यंत विसरली जाते.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात वसलेल्या जळकोटच्या माणसाने या मागणीकडे कोणत्या नजरेने पाहावे? गावाच्या नावात जळ आहे आणि रानात मात्र त्याची वानवा. लातूर जिल्ह्याने २०१६ साली मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी आलेले पाहिले आहे. अशा जिल्ह्यातील शिक्षकाला वा कारकुनाला ‘राज्याच्या तिजोरीतून डॉल्फिनांसाठी खाऱ्या पाण्याचे तलाव बांधायचे आहेत’ असे सांगितले, तर त्याच्या कपाळावर आठी उमटणे अगदी स्वाभाविक होय. गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर भेटेल की नाही याची ज्याला खात्री नाही, त्याने देवमाशाच्या दवाखान्याचे कौतुक का करावे? त्यात १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून ‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्याच्या जिभेवर रुळलेला आहे. वैधानिक विकास मंडळे आली, २०२० साली त्यांची मुदतही संपली. अनुशेष तेवढा शिल्लक राहिला. किनाऱ्यावर होणारा प्रत्येक खर्च हा आपल्या ताटातून उचललेला घास आहे, अशी भावना येथे सहज निर्माण होते. (कोकणचा माणूस हेच गाऱ्हाणे पश्चिम महाराष्ट्राकडे बोट दाखवून सांगत असतो, हा भाग वेगळा.)

ही हरकत भूतदयेची चार सुभाषिते ऐकवून झटकून टाकता येणार नाही. जळकोटच्या शिवारात पडलेला पाऊस तिरूच्या खोऱ्यातून मांजरेला आणि मांजरेतून गोदावरीला मिळून अखेर समुद्रातच जातो, हे भूगोलाच्या तासाला शिकविले जाते. जाताना शेतावरचे कीटकनाशक आणि बाजारातील प्लास्टिकही तो बरोबर नेतो. परंतु एवढ्या दूरच्या नात्यावर खर्चाचे समर्थन उभे राहत नाही. त्यासाठी हे केंद्र नेमके काय करू शकेल आणि काय करू शकणार नाही, हेच आधी रोखठोकपणे पाहिले पाहिजे.

काय करू शकणार नाही, ते प्रथम. गणपतीपुळ्याचे पिल्लू जगातील कोणत्याही केंद्राला सहजी वाचविता आले असते, असे मानण्याचे कारण नाही. निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मतःच सात मीटरच्या आसपास लांब असते. आईचे अत्यंत स्निग्ध दूध ते दिवसाला दोनशे लिटरच्या घरात पिते आणि त्याचे वजन रोज ऐंशी-नव्वद किलोंनी वाढते. आईपासून तुटलेल्या अशा जिवाला समुद्रात ढकलून देणे म्हणजे तान्ह्या मुलाला महामार्गावर सोडून ‘तुझ्या घरी जा’ म्हणण्यासारखे आहे. शिवाय एवढा जड प्राणी वाळूवर पडला की पाण्याचा आधार सुटतो आणि त्याच्याच देहाचा भार त्याची फुप्फुसे व स्नायू चिरडू लागतो. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करतात आणि कातडीखालील चरबीच्या थरामुळे उन्हात त्याचे अंग आतून तापत जाते. चाळीस तासांनंतर पाण्यात गेलेला देवमासा वरून सुखरूप दिसला, तरी आतून तो बरेचदा मरणाच्या दारात पोहोचलेला असतो. जानेवारी २०१६ मध्ये तमिळनाडूत तिरुचेंदूरजवळ ऐंशीहून अधिक पायलट देवमासे किनाऱ्यास लागले. मच्छीमारांनी त्यांना जिवाच्या आकांताने परत लोटले. त्यांतील कितीतरी पुन्हा फिरून किनाऱ्यावर आले आणि मेले. त्याच किनारपट्टीवर जानेवारी १९७३ मध्ये १४७ देवमासे असेच मृत्युमुखी पडले होते. मधल्या त्रेचाळीस वर्षांत लोकांची कळकळ कमी झाली नव्हती, पण कार्यपद्धतीतही फारसा फरक पडला नव्हता.

अमेरिकेत एक अपवाद घडला, त्याचा दाखला वारंवार दिला जातो. जानेवारी १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावर सापडलेले करड्या देवमाशाचे नवजात पिल्लू सॅन दिएगोच्या एका प्रचंड सागरी उद्यानात नेऊन कृत्रिम दुधावर वाढविण्यात आले. चौदा महिन्यांनी, आठ टनांहून अधिक वजन झाल्यावर, त्यास समुद्रात सोडले. पाठीवर बसविलेली संदेशयंत्रे दोन-तीन दिवसांतच गळून पडली आणि त्याचे पुढे काय झाले ते कोणालाच कळले नाही. हा प्रयोग थोर खराच. पण तिकिटावर चालणाऱ्या एका धनाढ्य उद्योगाने केलेला आणि त्यालाही पुन्हा न साधलेला. महाराष्ट्राने त्याची नक्कल करू जाणे म्हणजे निव्वळ हौस ठरेल.

मग कॅलिफोर्नियातील सॉसालिटो येथे १९७५ पासून चालणारे सागरी सस्तन प्राण्यांचे रुग्णालय नावारूपास आले ते कशामुळे? क्षेपणास्त्रांच्या जुन्या तळावर उभ्या राहिलेल्या या रुग्णालयातील बहुसंख्य रुग्ण सील व समुद्रसिंह हे आहेत. हे प्राणी जमिनीवर विसावतात, पिंजऱ्यात राहू शकतात, औषधोपचाराने बरे होऊन परत जातात. आपल्या किनाऱ्यावर सील नाहीत. भारतातील डुगाँग कच्छ, अंदमान आणि तमिळनाडूच्या सागरी गवतात उरले आहेत. तमिळनाडूने पाल्कच्या उपसागरात त्यांच्यासाठी २०२२ साली स्वतंत्र राखीव क्षेत्रही जाहीर केले. कोकणच्या वाट्याला आले आहेत ते किनाऱ्यालगत वावरणारे कुबडाचे डॉल्फिन, पाठीवर पर नसलेला लहानगा पोरपॉइज आणि खोल पाण्यातील देवमासे. म्हणजे उपचाराला सर्वांत अवघड असे रुग्ण. परदेशातील इमारतीचा नकाशा आणून येथे काही साधणार नाही.

परंतु त्याच कॅलिफोर्नियातील एक हकीकत या प्रश्नाची खरी किल्ली हाती देते. मे-जून १९९८ मध्ये तेथील मध्य किनाऱ्यावर समुद्रसिंहांना झटके येऊ लागले. चारशेहून अधिक मेले. रुग्णालयातील वैद्यांनी आणि शास्त्रज्ञांनी त्यांचे रक्त, मूत्र, मेंदू तपासले, तेव्हा समुद्रातील सूक्ष्म शैवालात तयार होणारे डोमॉइक आम्ल लहान माशांच्या मार्फत त्यांच्या पोटात गेल्याचे सिद्ध झाले. हेच विष १९८७ साली कॅनडात कालवांसारख्या शिंपल्यांतून माणसांच्या ताटात आले होते आणि त्यात माणसे दगावली होती. समुद्रसिंह आणि माणूस एकाच माशावर जगतात. आजारी प्राण्याची तपासणी करणारी जागा होती, हाताशी शीतपेटी होती, काय पाहायचे हे जाणणारे डोळे होते, म्हणून समुद्रात काय बिघडले आहे ते कळले. पुनर्वसन केंद्राची किंमत वाचविलेल्या जिवांच्या संख्येवर ठरविली तर ते तोट्याचेच दिसेल. मेलेल्या प्राण्याकडून काय कळले, हे त्यात मिळविले की हिशेब पालटतो.

कोकणात आज मेलेल्या प्राण्याकडून बहुधा काहीच कळत नाही. पावसाळ्यात डॉल्फिन, पोरपॉइज, क्वचित देवमासा असे मृतदेह किनाऱ्याला लागतात. तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी येतात. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्यावर ज्यांची उभी हयात गेली, त्यांच्यापुढे कुजू लागलेला दोन मीटरचा डॉल्फिन वाळूवर पडलेला असतो. भरती चढत असते, दुर्गंधीने गाव हैराण झालेले असते आणि सरपंचाला खड्डा खणण्याची घाई असते. शवविच्छेदन होते, पंचनामा होतो, मृतदेह पुरला जातो. जाळ्यात गुदमरून मेला, जहाजाच्या धडकेने मेला, की रोगाने मेला, याचा उलगडा बरेचदा होतच नाही. दोष त्या डॉक्टरांचा मुळीच नाही. हे शरीर त्यांना कोणी शिकविलेच नव्हते.

येथे भाषेनेही थोडा घोळ घातला आहे. ज्याला मराठीत देवमासा म्हणतात तो मासा नव्हे, हे शाळेत मुलांना शिकवावे लागते. तो हवेत श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. शासनाच्या दफ्तरात मात्र हा जीव कोणत्या कप्प्यात घालावा याचा पेच पडलेलाच असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो वनखात्याचा. ज्या बोटीने त्याला ओढायचे ती तटरक्षक दलाची, बंदरखात्याची वा एखाद्या मच्छीमाराची. ज्या पुळणीवर तो पडला ती महसूल खात्याच्या नोंदीतली. त्याला सुई टोचणारा डॉक्टर पशुसंवर्धन खात्याचा आणि जमाव आवरणारा पोलीस गृहखात्याचा. टेबलांवरून फाईल कशी फिरते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना भरती-ओहोटीचे सहा तास ही मुदत किती अपुरी आहे ते अधिक सांगावयास नको. केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या सागरी प्राण्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; त्यात समन्वयाची योजना कागदावर आहे. महाराष्ट्रात वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो, डहाणूला जखमी सागरी कासवांची शुश्रूषा प्राणिमित्रांच्या साहाय्याने वर्षानुवर्षे होत आहे, मालवणच्या समुद्रात तरुण संशोधक डॉल्फिनांच्या नोंदी करीत आले आहेत. सुरुवात झालेलीच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

आता कायद्यातील एक कलम. एखादा संरक्षित प्राणी बरा होण्यापलीकडे गेला असेल, तर त्याला वेदनांतून सोडविण्याची परवानगी कलम ११ अन्वये राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. हे अधिकारी बसतात नागपुरात. पशुवैद्यक आणि मत्स्यविज्ञान शिकविणाऱ्या विद्यापीठाचे मुख्यालयही नागपुरातच आहे. समुद्रातील जिवाच्या जगण्यामरण्याचा अंतिम शब्द जेथे विदर्भातून येतो, तेथे मराठवाडा समुद्रापासून फार दूर आहे ही सबब कोणी पुढे करू नये.

कारण जळकोटच्या अगदी शेजारी, उदगीरला, याच महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि मत्स्यविज्ञान महाविद्यालयही आहे. या दोन्ही विद्या एकाच गावी नांदत असलेली ठिकाणे राज्यात फार थोडी. देवणी आणि लाल कंधारी या जातिवंत गोवंशांच्या मुलखात गुरांचा वैद्य तयार व्हावा हे रास्तच होते. त्या वैद्याला पाण्यातील सस्तन प्राण्याचे शरीरशास्त्र आणि शवविच्छेदन शिकविण्यास समुद्र उशाशी असावा लागत नाही. त्यासाठी लागतात ते जपून ठेवलेले अवयव, हाडांचे सांगाडे, शिकविणारा माणूस आणि शेवटच्या वर्षी किनाऱ्यावर काढलेले काही आठवडे. ज्या मृतदेहांना आज वाळूत पुरले जाते, त्यांतूनच ही सामग्री उभी राहू शकते. पाण्याचे रसायन, माशांचे रोग, विषारी शैवाल हे विषय शेजारच्या मत्स्य महाविद्यालयाच्या अभ्यासाशी निगडित आहेत. दोन इमारतींतील भिंत ओलांडली की निम्मे काम झाले.

लातूरच्या विद्यार्थ्यांपुरते बोलायचे, तर हा विषय स्वप्नरंजनाचा नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या वर्गांत हजारो मुले प्रवेशपरीक्षेसाठी घासतात. वैद्यकीयच्या यादीत काही गुणांनी मागे राहिलेला विद्यार्थी त्याच परीक्षेच्या गुणांवर पशुवैद्यकाकडे वळतो आणि पुष्कळदा खाली मान घालून वळतो. त्याच्या पुढे गोठ्याव्यतिरिक्त कोणते क्षितिज आहे हे त्याला कोणी सांगत नाही. वन्यजीवांचे वैद्यक आणि रोगनिदान ही त्याच पदवीची पुढची दालने आहेत. तेथे माणसांची चणचण आहे.

यास्तव केंद्राचा आराखडा माणसांपासून सुरू व्हावा आणि काँक्रीटपाशी संपावा; आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. रत्नागिरीच्या आसपास, किनाऱ्याच्या मध्यावर, लहान डॉल्फिन व पोरपॉइज काही दिवस ठेवता येईल असा गाळलेल्या समुद्रपाण्याचा एक तलाव, एक शवविच्छेदनगृह, एक शीतगृह, एक सुसज्ज वाहन, झोळ्या आणि हवेने फुगविता येणारे तराफे एवढ्यावर पहिली दहा वर्षे निघू शकतील. उरलेला पैसा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत तालुक्यातालुक्यांतील पशुवैद्य, वनरक्षक आणि कोळीवाड्यांतील तरुण यांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा. शेपटीला दोर बांधून ओढू नये, डोक्यावरील श्वासरंध्रात पाणी जाऊ देऊ नये, माणसांनी चार हात दूर राहावे, या साध्या गोष्टी कळल्या तरी बरेच प्राणी वाचतील. मच्छीमाराला शत्रू मानून तर हे काम एक पाऊलही सरकणार नाही. डिसेंबर २०१८ पासून राज्य शासन, संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. जिवंत प्राणी सुटून परत गेला की केंद्राच्या तलावाची गरजच पडत नाही. तराफे आणि तलाव यांच्यापेक्षा ही योजना स्वस्त आहे आणि बहुधा अधिक गुणकारीही.

धोका एकच आहे, पण मोठा. एकदा तलाव झाला की त्याभोवती बाके येतील, बाकांमागून तिकिटाची खिडकी येईल, आणि ‘पर्यटनवृद्धी’ हा परवलीचा शब्द उच्चारला की बरा झालेला डॉल्फिन परत समुद्रात सोडण्याची कोणाला घाई उरणार नाही. १९९८ साली चेन्नईजवळच्या एका करमणूक केंद्रात परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले. त्यानंतरही देशात ठिकठिकाणी अशा खेळांचे प्रस्ताव निघतच राहिले, तेव्हा मे २०१३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला त्यांस मनाई करावी लागली. ही मनाई पुनर्वसनाच्या मागच्या दाराने मोडली जाऊ नये, अशी तरतूद केंद्राच्या स्थापनेच्या आदेशातच हवी. रुग्णालयाला नातेवाईक असतात, प्रेक्षक नसतात.

लातूर जिल्ह्याला या बाबतीत कडवट अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मदतीला धावलेल्या हातांची संख्या मोठी होती. पण बघ्यांच्या वाहनांनी रस्ते अडले आणि ढिगारा कोठून उपसायचा हे सांगणारे प्रशिक्षित लोक नंतर पोहोचले. कळकळ आणि कौशल्य यांतील अंतर किती जीव घेते ते या जिल्ह्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले. त्या आपत्तीनंतरच राज्यात आपत्ती व्यवस्थापनाचे जिल्हावार आराखडे आकारास आले. गणपतीपुळ्याचे दुःख किल्लारीच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि तशी तुलना करणे अनुचितच. परंतु चाळीस तास झटलेल्या त्या माणसांजवळ नेमके जे नव्हते, ते किल्लारीच्या पहिल्या दिवशीही नव्हते.

उदगीरहून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पशुवैद्यांपैकी एखाद्याची नेमणूक गुहागरला, राजापूरला किंवा देवगडला होईल. त्याच्या पहिल्याच पावसाळ्यात केव्हातरी किनाऱ्यावरच्या गावातून दूरध्वनी येईल की वाळूत काहीतरी मोठे पडले आहे आणि अजून श्वास घेत आहे. त्याच्या पिशवीत त्या वेळी काय असेल, हे विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत ठरायचे आहे. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्यास समुद्रकिनाऱ्यावरील केंद्राच्या पायाभरणीची वाट पाहण्याचे काही कारण नाही.